गुठळी, मेंदू आणि लपलेला तुकडा

१८६३ साली झुरिचमध्ये विकृतिशास्त्रज्ञ एदुआर्ड रिंडफ्लाइश मृत रुग्णांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. मेंदूत जागोजागी टणक, राखाडी चट्टे होते. चट्ट्यांच्या मधोमध त्यांना रक्ताने तट्ट फुगलेली एक बारीक वाहिनी दिसली. हा आजार रक्तवाहिन्यांपासून सुरू होत असावा, असा तर्क त्यांनी मांडला. पाच वर्षांनी पॅरिसमध्ये मेंदूतज्ज्ञ शार्को यांनी त्याच आजाराचं सविस्तर वर्णन केलं. आज आपण त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एमएस, म्हणतो. चट्ट्यातली ती शीर आता जिवंत माणसाच्या एमआरआयमध्येही टिपता येते आणि निदानाच्या २०२४ च्या सुधारित निकषांत तिला स्थान मिळालं आहे.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. तंतूंवरचं मायलिन नावाचं आवरण झडू लागतं. मग एका डोळ्याने अंधुक दिसणं, हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, विश्रांती घेऊनही न जाणारा थकवा अशी लक्षणं येतात, ओसरतात, पुन्हा येतात. जगात याचे सुमारे २८ लाख रुग्ण आहेत. भारतात हा आजार विरळ मानला जाई. पण १९८० च्या दशकात मुंबईतल्या पारशी समाजाची पाहणी झाली, तेव्हा लाखामागे वीसहून अधिक रुग्ण आढळले.

रक्तवाहिनीचा धागा पुढे नेला तो अमेरिकी मेंदूतज्ज्ञ ट्रेसी पटनम यांनी. बारीक शिरांत रक्ताच्या गुठळ्या अडकतात आणि त्यातून चट्टे होतात, असं त्यांचं मत होतं. कुत्र्यांच्या मेंदूतल्या शिरा तुंबवून त्यांनी तसे चट्टे निर्माणही केले. मग त्यांनी रुग्णांना डायकुमारोल हे रक्त पातळ करणारं औषध देऊन पाहिलं आणि १९४७ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. हा उपचार रुजला नाही. रक्तस्रावाची भीती मोठी होती, आणि शिरा गुठळ्यांनीच तुंबतात हेही सिद्ध झालं नाही. प्रतिकारशक्तीवरचं संशोधन जोरात सुरू झालं आणि रक्ताचा विषय मागे पडला.

तो परत आला एका प्रथिनामुळे. फायब्रिनोजेन यकृतात तयार होतं आणि निरोगी माणसाच्या रक्तात दर डेसिलिटरमागे साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम असतं. बोट कापलं की थ्रॉम्बिन हे विकर त्याचं रूपांतर फायब्रिनच्या धाग्यांत करतं, धाग्यांची जाळी होते आणि रक्त थांबतं. हे सगळं रक्तातच राहायला हवं. मेंदूतल्या वाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की फायब्रिनोजेनसारखा मोठा रेणू एरवी आत शिरत नाही. एमएसमध्ये हीच भिंत झिरपू लागते. फायब्रिनोजेन मेंदूत उतरतं आणि तिथेच त्याचं फायब्रिन होतं.

मेंदूत त्याची गाठ मायक्रोग्लिया या रक्षक पेशींशी पडते. त्यांच्या पृष्ठभागावरच्या मॅक-१ या ग्राहकाला फायब्रिन चिकटतं आणि पेशी चवताळतात. त्या वाहिनीभोवती गोळा होतात, दाह वाढवणारी रसायनं सोडतात, आणि त्यात शेजारचे मज्जातंतूही होरपळतात. म्हणजे रिंडफ्लाइश यांची नजर योग्य जागी गेली होती. पटनम यांनी मात्र वाहिनीत अडकलेली गुठळी शोधली. खरी हानी वाहिनीबाहेर गळलेल्या प्रथिनामुळे होत होती.

प्राण्यांवरच्या प्रयोगांतून याला बळ मिळालं. कॅटरिना अकासोग्लू आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एमएससारखा आजार असलेल्या उंदरांच्या रक्तातलं फायब्रिनोजेन कमी करण्यासाठी सापाच्या विषातलं अँक्रॉड वापरलं, तेव्हा मायलिन झडायला उशीर लागला. २००८ मध्ये स्टॅनफर्डच्या लॉरेन्स स्टाइनमन यांच्या गटाला रुग्णांच्या मेंदूतल्या चट्ट्यांत रक्त गोठण्याशी संबंधित प्रथिनं सापडली. जळवेच्या लाळेतून माहीत झालेल्या हिरुडिनने त्यांनी थ्रॉम्बिन रोखलं, तर उंदरांचा आजार सौम्य झाला. अडचण पटनम यांच्या काळातलीच होती. वर्षानुवर्षं चालणाऱ्या आजारात रक्त गोठणंच थांबवून ठेवलं, तर एखादी साधी जखमही रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

वाट निघाली ती या रेणूच्या रचनेतून. गोठण्याचं काम त्याचा एक भाग करतो आणि मॅक-१ ला चिकटण्याचं काम दुसरा. हा दुसरा तुकडा जेमतेम १९ अमिनो आम्लांचा. पानं सोलल्याखेरीज कणसाचे दाणे दिसत नाहीत, तसा तो फायब्रिनोजेनमध्ये झाकलेला असतो आणि फायब्रिन झाल्यावरच उघडा पडतो. २००७ मध्ये या तुकड्यात बदल केलेल्या उंदरांवर प्रयोग झाले. त्यांचं रक्त नेहमीसारखं गोठत होतं, पण एमएससारखा आजार त्यांना कमी तीव्रतेने झाला.

पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेत अकासोग्लू यांच्या गटाने नेमक्या याच तुकड्यावर बसणारं ५बी८ हे प्रतिपिंड तयार केलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने एमएस आणि अल्झायमर या दोन्हींच्या नमुना-उंदरांत दाह कमी केला, मेंदूतल्या पेशी वाचवल्या, आणि रक्त गोठण्यात अडथळा आणला नाही. २०२४ मध्ये कोविडचा धागाही जुळला. विषाणूचं स्पाइक प्रथिन फायब्रिनोजेनला चिकटतं आणि तयार होणारी गुठळी अधिक दाहकारक ठरते, असं दिसलं. बाधित उंदरांच्या मेंदूला याच प्रतिपिंडाने संरक्षण दिलं.

उंदरांना होणारा आजार म्हणजे माणसाचा एमएस नव्हे. उंदरांत गुणकारी ठरलेली पुष्कळ औषधं माणसांत निष्फळ ठरली आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आजही एमएसवरचा उपचार नाहीत आणि या संशोधनाच्या आधारावर कुणी त्या स्वतःहून सुरू करू नयेत. माणसांसाठी घडवलेलं फायब्रिनविरोधी प्रतिपिंड प्राथमिक चाचण्यांपर्यंत पोहोचलं आहे. अशा चाचण्यांत आधी सुरक्षितता तपासतात: मात्रा किती सोसवते, शरीरात ते किती काळ टिकतं आणि रक्त पूर्वीसारखंच गोठतं का. रुग्णांच्या मेंदूतला दाह त्याने खरोखर कमी होतो का, याची मोजणी त्यापुढच्या टप्प्यांत होते.