राखलेली प्रत परत कां येत नाहीं?

धान्य कणगींत भरलें म्हणजे वर्षाची चिंता मिटली, असें जाणता शेतकरी कधीं मानीत नाहीं. मधूनमधून तो कणगींत हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहतो, आणि त्यांना कीड लागली नाहीं ना, ओल शिरली नाहीं ना, याची खात्री करून घेतो. संगणकावरील कागदपत्रांच्या बाबतींत मात्र सुशिक्षित माणसेंहि कणगी भरतात, तिला कुलूप लावतात, आणि थेट दुष्काळ पडल्यावरच तें कुलूप काढतात. त्या वेळीं हातीं भुसा आला, तर दोष कोणाला द्यावयाचा?

आज पुष्कळ घरांत आणि लहान कचेऱ्यांत एक छोटीशी पेटी असते. तींत दोन किंवा चार हार्ड डिस्क बसविलेल्या असतात. घरांतल्या नेटवर्कला ती जोडलेली असते, आणि सर्व संगणकांवरील व मोबाइलांवरील फाइलींची प्रत ठरलेल्या वेळीं आपोआप तींत जाऊन पडते. व्यवहारांत या पेटीला नॅस म्हणतात. प्रत ठेवण्याच्या क्रियेला बॅकअप आणि ती परत आणण्याच्या क्रियेला रिस्टोअर, हे शब्दहि आतां सर्वांच्या तोंडीं झाले आहेत. वडिलांच्या मृत्युपत्राची प्रत, जमिनीचे सातबारा उतारे, दहा वर्षांचे हिशेब, मुलांच्या लहानपणचीं छायाचित्रें, हें सारें त्या पेटीच्या भरंवशावर असतें. परंतु बॅकअप रोज होतो आणि रिस्टोअर वर्षानुवर्षें होत नाहीं. म्हणून दोष शिरतो बॅकअपमध्यें, आणि डोळ्यांना दिसतो तो रिस्टोअरच्या दिवशीं. या दोन दिवसांमध्यें जेवढें अंतर, तेवढी हानि मोठी.

या पेटीविषयींचा एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. तींतील दोन डिस्कांवर बहुधा एकच मजकूर एकाच वेळीं लिहिला जातो, म्हणून एक डिस्क बिघडली तरी दुसरी काम चालविते. या रचनेला रेड म्हणतात, आणि ती उपयुक्त आहे यांत शंका नाहीं. पण हा केवळ आरसा आहे. घरांतील एखाद्यानें चुकून एक फोल्डर पुसून टाकलें, तर आरशांतूनहि तें त्याच क्षणीं नाहींसें होतें. खंडणी मागणाऱ्या दुष्ट प्रोग्रामानें फाइली कुलुपबंद केल्या, तर आरशांतल्याहि कुलुपबंद होतात. खरी राखीव प्रत मूळ फाइलीहून वेगळ्या ठिकाणीं असते, आणि तींत कालची, गेल्या आठवड्याची व गेल्या महिन्याची स्थितीहि शाबूत असते.

अशा प्रती असूनहि त्या वेळेवर हातीं न लागण्याचें एक उदाहरण संगणकाच्या जगांत प्रसिद्ध आहे. गिटलॅब ही कंपनी प्रोग्राम लिहिणाऱ्या जगभरच्या लोकांचें काम सांभाळून ठेवण्याचा व्यवसाय करते. ता. ३१ जानेवारी २०१७ रोजीं रात्रीं तिचा एक कर्मचारी दुय्यम सर्व्हरवरील माहितीसंग्रह पुसावयास निघाला, आणि पुसण्याचा हुकूम त्यानें प्रमुख सर्व्हरवर दिला. चूक ध्यानांत येऊन त्यानें तो हुकूम थांबविला, तोंपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइट मजकुरापैकीं अवघा साडेचार गिगाबाइट शिल्लक उरला होता. प्रती राखण्याच्या एकूण पांच व्यवस्था कंपनीजवळ होत्या. पण त्या उघडून पाहतां एकीचाहि भरंवसा धरवेना. रोजची प्रत काढणारा प्रोग्राम ९.२ या आवृत्तीचा होता आणि माहितीसंग्रह ९.६ या आवृत्तीचा. दोघांचें जमत नसल्यामुळें प्रत काढण्याचा प्रयत्न रोज फसत होता, आणि दूरच्या साठ्याची जागा रिकामी होती. प्रयत्न फसल्याची सूचना ई-मेलनें निघत असे खरी. परंतु त्या पत्रांवर आवश्यक ती ओळखीची खूण नसल्यानें तीं नाकारलीं जात होतीं. डिस्कचें संपूर्ण चित्र घेण्याची दुसरी सोय या सर्व्हरांसाठीं सुरूच केलेली नव्हती. अखेरीस एका कर्मचाऱ्यानें चांचणीच्या कामासाठीं सहा तासांपूर्वीं सहज घेऊन ठेवलेलें एक चित्र उपयोगीं पडलें. तें नकलून आणण्यांतच फार वेळ गेला आणि सेवा सुरू होण्यास सुमारे १८ तास लागले. मधल्या सहा तासांतील सुमारे ५,००० प्रकल्पांच्या, तितक्याच अभिप्रायांच्या आणि सुमारे ७०० नव्या खात्यांच्या नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीनें ही सारी हकीकत कांहीं न लपवितां जगापुढें मांडली, हें तिला भूषणावह होय. त्या रात्रीं एका चुकीनें संग्रह पुसला गेला. पण तो परत न येण्याचें कारण आधींपासून तेथें होतें, आणि तें सांगणारें पत्र कोणाच्या हातीं पडत नव्हतें. घरांतल्या पेटीचींहि सूचनापत्रें पुष्कळदां अशाच एखाद्या बंद पडलेल्या जुन्या पत्त्यावर जात असतात.

आतां घरगुती पेटींत हा दोष कोणकोणत्या रूपानें शिरतो, तें पाहूं जातां पहिलें कारण हिशेबनिसाला चटकन् समजेल असें आहे. रोज सगळ्या फाइली नकलण्यास फार वेळ व जागा लागते. म्हणून पेटी प्रथम एक संपूर्ण प्रत घेते आणि पुढें रोज फक्त झालेले बदल टिपते. आरंभीची शिल्लक आणि रोजची रोजकीर्द, असाच हा प्रकार आहे. रोजकीर्दीचें एक पान फाटलें, कीं पुढची शिल्लक जुळत नाहीं; तसाच मधला एक दिवस खराब झाला, कीं त्यापुढील सर्व दिवस त्यावर अवलंबून असल्यानें हातचे जाऊं शकतात. त्याआधींचे दिवस मात्र सुरक्षित असतात, आणि घाबरलेल्या माणसाला नेमकें हेंच सुचत नाहीं.

दुसरें कारण मराठी घरांना विशेष लागू पडतें, आणि तें फाइलींच्या नांवांत दडलेलें असतें. रोमन लिपींतील साधें अक्षर साठविण्यास एक बाइट जागा पुरते. देवनागरींतील प्रत्येक चिन्हास, मग तें व्यंजन असो, काना किंवा मात्रा असो, कीं पाय मोडल्याची खूण असो, तीन बाइट लागतात. ‘श्रीमती’ हा डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसणारा शब्द संगणकाच्या लेखीं सात चिन्हांचा, म्हणजे २१ बाइटांचा आहे. विंडोजच्या डिस्कवर नांवाची मर्यादा चिन्हांत मोजतात आणि ती २५५ आहे. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक पेट्यांत ती बाइटांत मोजतात आणि तीहि २५५ च आहे. म्हणजे देवनागरी नांव तेथें ८५ चिन्हांतच संपतें. कांहीं पेट्यांत कुलुपबंद फोल्डर ठेवण्याची जी पद्धति आहे, तींत ही मर्यादा १४३ बाइटांवर, म्हणजे अवघ्या ४७ देवनागरी चिन्हांवर येते. ‘काकांच्या षष्ट्यब्दिपूर्ति समारंभाचीं सर्व छायाचित्रें’ हें नांव घरच्या संगणकावर सुखानें नांदतें. पण तें १५४ बाइटांचें असल्यामुळें अशा फोल्डरांत त्याला प्रवेश मिळत नाहीं. प्रत घेतांना तें मुकाट्यानें वगळलें जातें, किंवा जुन्या पेटींतून नव्या पेटींत आणतांना नेमकें तेंच अडतें.

नांवांचा आणखी एक घोटाळा अधिक सूक्ष्म आहे. ‘वऱ्हाड’ या शब्दांतील ऱ संगणकांत दोन रीतींनीं लिहितां येतो: एकच चिन्ह म्हणून, अथवा साधा र आणि त्याखालीं नुक्ता अशीं दोन चिन्हें म्हणून. मॅक संगणकाच्या जुन्या पद्धतीची डिस्क दुसरी रीत वापरी. विंडोजवर बहुधा पहिली आढळते. पडद्यावर दोन्हीं नांवें हुबेहूब सारखीं दिसतात, परंतु प्रोग्रामाला तीं दोन वेगळीं माणसें वाटतात. मग फाइल समोर दिसत असूनहि ‘सांपडली नाहीं’ असें उत्तर मिळतें, किंवा एकाच नांवाचीं दोन फोल्डरें शेजारीं शेजारीं उभीं राहतात.

तिसरें कारण प्रतींत नसून ती जेथें उतरवावयाची त्या जागेंत असतें. कांहीं बाहेरच्या डिस्क आणि पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीच्या असतात, आणि त्यांवर ४ गिगाबाइटांची किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाहीं. लग्नाची लांब चित्रफीत तेथें उतरवूं गेल्यास डिस्क निम्मी रिकामी असूनहि काम फसतें. विंडोजवरील पुष्कळ प्रोग्राम फाइलीचा संपूर्ण पत्ता, म्हणजे फोल्डरांत फोल्डर धरून, २६० चिन्हांपर्यंतच वाचूं शकतात. मूळ जागीं तो पत्ता मर्यादेंत असतो. पण ‘परत आणलेल्या फाइली’ अशा नव्या फोल्डरांत तो सारा पसारा ठेवला, कीं पत्ता लांबतो आणि आंतल्या फाइली अडतात.

चौथें कारण मालकीचें. लिनक्सची पेटी फाइलीच्या मालकाची नोंद नांवानें न ठेवतां एका आंकड्यानें ठेवते. जुनी पेटी बिघडून नवी आली आणि खातीं वेगळ्या क्रमानें उघडलीं, तर आईच्या नांवाचा आंकडा मुलाला मिळतो. फाइली सुखरूप परत येतात, पण खऱ्या मालकिणीला दार उघडत नाहीं, आणि सर्व कांहीं गेलें अशा समजुतीनें घरांत हलकल्लोळ माजतो. वस्तुतः हा दोष सर्वांत सोपा. अधिकारांची यादी नव्यानें लावली, कीं तो निवारतो.

उरलेलीं दोन कारणें मात्र निवारतां येत नाहींत, टाळावींच लागतात. हिशेबाचा प्रोग्राम चालू असतांना त्याच्या फाइलीची साधी नक्कल घेतली, तर तींत अर्धी जुनी व अर्धी नवी नोंद येते. अशी प्रत परत आली तरी उघडेलच असें नाहीं. म्हणून प्रोग्राम बंद करून, अथवा त्याच्याच बॅकअपच्या सोयीनें, प्रत घ्यावी. दुसरें कारण किल्लीचें. प्रत कुलुपबंद करणारा संकेतशब्द किंवा किल्लीची फाइल त्याच पेटींत ठेवलेली असेल, तर पेटी बिघडतांच किल्लीहि गेली. आणि कुलूप चांगलें असेल, तर तें कोणत्याहि कारागिराला उघडत नाहीं.

इतकीं कारणें असतां प्रत्यक्ष प्रसंगीं त्यांतील खरें कोणतें, हें ओळखावें कसें? पहिला नियम हात आवरण्याचा. मूळ डिस्कवर नवें कांहीं लिहूं नये, आणि ठरलेल्या वेळीं होणारा बॅकअप तात्काळ थांबवावा. पेटी नव्या प्रतींना जागा करण्यासाठीं जुन्या प्रती आपणहून काढून टाकीत असते, आणि ज्या जुन्या प्रतीवर भिस्त, तीच त्या रात्रीं जाण्याचा संभव असतो. दुसरा नियम पेटीची नोंदवही वाचण्याचा. तींतील शेवटची तक्रार बहुधा आधींच्या तक्रारींचा परिणाम असते. म्हणून पहिली तक्रार शोधावी.

तिसरा नियम प्रश्नाचे दोन भाग करण्याचा. एक लहानशी, आंखूड रोमन नांवाची फाइल निवडून ती मूळ जागीं न आणतां संगणकावरील एका रिकाम्या फोल्डरांत आणून पाहावी. ती आली, तर पेटी, नेटवर्क, किल्ली आणि निदान तेवढी प्रत ठीक आहे. दोष नांवांत, आकारांत, जागेंत किंवा अधिकारांत शोधावा. मग एक मोठी फाइल आणि त्यानंतर एक लांब देवनागरी नांवाची फाइल, अशा क्रमानें चाललें, कीं अडणारी पायरी आपोआप सांपडते. लहान फाइलहि आली नाहीं, तर आदल्या दिवसाची प्रत पाहावी, त्याच्या आदल्या दिवसाची पाहावी. एखादा दिवस उघडला, तर रोजकीर्दीचें पान कोठें फाटलें तें कळतें. एकहि दिवस न उघडल्यास किल्ली, प्रोग्रामाची आवृत्ति आणि पेटीचें घड्याळ तपासावें. मोठ्या कचेऱ्यांतील नेटवर्कांत दोन यंत्रांच्या घड्याळांत पांच मिनिटांहून अधिक फरक पडला, तर बहुधा ओळखच नाकारली जाते.

कित्येकदां दोष कशांतच नसतो, फक्त वेळ पुरत नाहीं. घरांतील तारेच्या नेटवर्कचा उत्तम वेग सेकंदाला १२५ मेगाबाइट धरला, तरी ४ टेराबाइट मजकूर येण्यास सुमारे ९ तास लागतात. बिनतारी जोडणीवर बहुधा पुष्कळच अधिक. तेवढ्यांत लॅपटॉप झोपीं गेला, कीं काम अर्ध्यावर तुटतें आणि ‘रिस्टोअर फसला’ एवढीच अक्षरें सकाळीं दिसतात.

पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकारानें प्रचारांत आणलेला एक सूत्रबद्ध नियम सर्वत्र मान्य झाला आहे: प्रती तीन, साधनें दोन प्रकारचीं, आणि एक प्रत घराबाहेर. हा नियम उत्तम आहे. पण गिटलॅबच्या पांच व्यवस्थांकडे पाहिलें असतां त्याला एक जोड अवश्य द्यावीशी वाटते. दर तीन महिन्यांनीं एखाद्या रविवारीं पेटींतून दहा फाइली परत आणाव्या. त्यांत एक जुनें छायाचित्र असावें, एक हिशेबाची वही असावी, एक लांब मराठी नांवाची फाइल असावी. त्या नुसत्या आल्या एवढ्यावर न थांबतां उघडून, वाचून पाहाव्या. किल्ली कोठें आहे आणि सूचनापत्रें कोणाला जातात, तेंहि त्याच वेळीं तपासावें. आणि हें काम घरांतील जाणत्या माणसानें स्वतः न करतां इतर कोणाकडून करवावें. कारण प्रसंग येईल त्या दिवशीं तो जाणता माणूस घरीं असेलच असें नाहीं. अर्ध्या तासाचें हें काम आहे. जी प्रत एकदां परत येऊन वाचली गेली, तिलाच राखलेली म्हणावें. बाकीच्या केवळ ठेवलेल्या आहेत.