चुन्याची रेघ दिसली पाहिजे! ड्रोन मॅपिंगसाठी कॅमेरा सेटिंग

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ऐकताना आकडे डोक्यावरून गेले, त्यांच्यासाठी हा लेखी भाग. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. ड्रोनचे शेकडो फोटो जोडून नकाशा आणि थ्रीडी मॉडेल तयार करणं हे माझं काम. त्यामुळे आजचा सगळा विषय मी सॉफ्टवेअरच्या नजरेने सांगणार आहे.

आधी एक उदाहरण डोळ्यासमोर ठेवू. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. गावठाणातल्या घरांचा ड्रोनने नकाशा करायचा आणि मालकाच्या हातात मिळकतीचा कागद द्यायचा, ही ती योजना. आपल्याकडे त्याला सनद म्हणतात. ड्रोन उडण्याआधी मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखून घेतात. का? कारण वरून पाहिलं की घराचं छप्पर दिसतं, भिंत नाही. दोन घरांमधल्या बोळाची हद्द फोटोत दाखवणार ती चुन्याची रेघच. ती पुसट आली, तर शेजाऱ्यांच्या भांडणात नकाशाचा काहीच उपयोग नाही.

उंची आणि पिक्सेल

पहिला प्रश्न: एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे किती सेंटिमीटर? याला जीएसडी म्हणतात. डीजेआयच्या फँटम ४ प्रोचं गणित करू. सेन्सरची रुंदी १३.२ मिमी, फोकल लेंग्थ ८.८ मिमी, फोटोची रुंदी ५४७२ पिक्सेल. १०० मीटर उंचीवरून एक पिक्सेल साधारण २.७ सेंमीचा पडतो. ६० मीटरवरून १.६ सेंमी. समजा रेघ १० सेंमी रुंद आहे. १०० मीटरवरून ती जेमतेम चार पिक्सेलची दिसेल. म्हणजे वाया घालवायला एकही पिक्सेल नाही.

आणखी एक. फोटो पूर्ण सेन्सरचा घ्या. या कॅमेऱ्यात तो ३:२ असतो. १६:९ निवडलंत तर वरचा-खालचा भाग कापला जातो आणि ओव्हरलॅप उगाच कमी होतो.

शटर: सगळ्यात आधी हेच

ड्रोन सेकंदाला ८ मीटर वेगाने जातोय आणि शटर १/२०० आहे असं धरा. शटर उघडं असताना ड्रोन ४ सेंमी पुढे सरकला. म्हणजे दीड पिक्सेल! रेघ पसरली. तेच शटर १/८०० केलं तर सरकणं फक्त १ सेंमी. सरकणं अर्ध्या पिक्सेलच्या आत ठेवायचं, एवढं लक्षात ठेवा. उजेड कमी असेल तर शटर हळू करू नका, ड्रोनचा वेग कमी करा.

शक्य असेल तर मेकॅनिकल शटरचा कॅमेरा घ्या. इलेक्ट्रॉनिक रोलिंग शटर फोटो ओळीओळीने वाचतं. पहिली ओळ वाचून शेवटच्या ओळीपर्यंत येईतो ड्रोन पुढे गेलेला असतो, आणि फोटो किंचित तिरका होतो. सॉफ्टवेअर ते काही प्रमाणात दुरुस्त करतं, पण वेग जास्त असेल तर त्यालाही मर्यादा पडतात.

अॅपर्चर, आयएसओ, एक्स्पोजर

अॅपर्चर मधलं ठेवा, एफ/४ ते एफ/५.६. एफ/११ ला उजेडही घटतो आणि डिफ्रॅक्शनमुळे बारकावेही मऊ पडतात. आयएसओ १०० पासून सुरू करा. शटरसाठी गरज पडली तर ४०० पर्यंत चालेल. फोटोत थोडा नॉइज आला तर सॉफ्टवेअर सांभाळून घेतं, हललेला फोटो नाही सांभाळत.

गावात पत्रे चमकतात, बोळ काळोखे असतात. पांढरा चुना फिक्या मातीवर जळून गेला, तर परत आणता येत नाही. म्हणून एक्स्पोजर किंचित कमी ठेवा. ढगाळ पण उजेडाचा दिवस उत्तम. ऊन असेल तर दुपारची वेळ घ्या, सावल्या लहान पडतात.

फोकस आणि व्हाइट बॅलन्स लॉक

सॉफ्टवेअर असं धरून चालतं की सगळे फोटो एकाच लेन्सच्या एकाच स्थितीत घेतलेत. ऑटोफोकस दर फोटोला हलला, तर हे गृहीतच कोसळतं. काम ज्या उंचीवरून करायचंय तिथे जाऊन एकदा फोकस करा, मग मॅन्युअलवर टाका. झूमला हात लावायचा नाही. व्हाइट बॅलन्सही ऑटोवर नको. नाहीतर नकाशात अर्धं गाव पिवळं आणि अर्धं निळं दिसतं.

ओव्हरलॅप आणि कोन

पुढच्या दिशेने ७५ ते ८० टक्के, बाजूने ६५ ते ७० टक्के. वरच्या गणितात एक फोटो पुढच्या दिशेने साधारण १०० मीटर जमीन झाकतो. ८० टक्क्यांसाठी दर २० मीटरला फोटो, म्हणजे ८ मीटरच्या वेगाने दर अडीच सेकंदाला एक. कार्डला तेवढा वेग झेपला पाहिजे. म्हणून मॅपिंगला जेपेग पुरतं. रॉ फाइल लिहायला जास्त वेळ लागतो.

नुसता नकाशा हवा असेल तर कॅमेरा सरळ खाली. मॉडेल हवं असेल तर सुमारे ४५ अंशांच्या तिरक्या फेऱ्याही मारा, नाहीतर भिंती वितळलेल्या मेणासारख्या येतात. तिरक्या फोटोत आकाश येऊ देऊ नका.

उडवण्याआधी डिजिटल स्कायच्या नकाशावर तुमची जागा ग्रीन झोनमध्ये आहे ना, ते बघा. ग्रीन झोनमध्ये साधारणपणे १२० मीटरपर्यंत उडवता येतं.

आणि शेवटचं: पूर्ण फेरी मारण्याआधी त्याच उंचीवरून, त्याच वेगात चार-पाच फोटो घ्या. खाली उतरवा, लॅपटॉपवर पूर्ण मोठे करून बघा. चुन्याच्या रेघेच्या दोन्ही कडा वेगळ्या दिसतायत? मग खुशाल उडवा. नसतील दिसत, तर आधी शटर बघा.

प्रश्न असतील तर कळवा, पुढच्या भागात घेऊ. भेटूच!