दसऱ्याचा मुहूर्त आणि वापरलेली मोटार

साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त म्हणजे विजयादशमी. या दिवशी पंचांग उघडावे लागत नाही की कोणास घटिका विचारावी लागत नाही. म्हणूनच सोन्याचा मणी असो, घराचा करार असो वा वाहन असो, त्याची खरेदी आपल्याकडे दसऱ्यासाठी राखून ठेवली जाते. ज्यांना कारखान्यातून आलेली कोरी करकरीत मोटार परवडते, त्यांचे भाग्य थोर. परंतु बेताच्या मिळकतीच्या अनेक कुटुंबांत दारापुढे उभी राहणारी पहिली मोटार ही आधी कोणीतरी वापरलेलीच असते. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात एक शंका डोकावतेच. दुसऱ्याने वापरलेले वाहन दसऱ्याला पुजावे काय?

ही शंका अनाठायी आहे, आणि तिचे उत्तर दसऱ्याच्याच कथेत आहे. अज्ञातवास संपताना शमीवृक्षावरची शस्त्रे खाली काढली गेली, त्या प्रसंगी अर्जुन विराटपुत्र उत्तराला गांडीवाची पूर्वपीठिका सांगतो. ते धनुष्य प्रथम ब्रह्मदेवापाशी होते. पुढे प्रजापती, इंद्र, सोम आणि वरुण अशा हातांतून फिरत ते अर्जुनाकडे आले. खांडववनाच्या वेळी त्यास लाभलेला रथही पूर्वी सोमाने वापरलेला होता. तेव्हा हातोहात आलेल्या वस्तूस पूजेत उणेपणा येत नाही. उणेपणा येतो तो न पारखता घेतलेल्या वस्तूस.

आणि घोटाळा होतो तो नेमका येथेच. दसऱ्याच्या दोन दिवस आधी गिऱ्हाईक बाजारात शिरते, सायंकाळपर्यंत गाडी दारात हवी असते, पेढे सांगून ठेवलेले असतात. विकणाऱ्यास ही निकड चेहऱ्यावर वाचता येते. मग घासाघीस होत नाही, कागद नीट पाहिले जात नाहीत, आणि वर्षानुवर्षे पोटाला चिमटा घेऊन साठविलेली पुंजी अर्ध्या तासाच्या पाहणीवर दिली जाते. वास्तविक मुहूर्त हा वाहनाच्या गृहप्रवेशाचा, सौद्याचा नव्हे. पारख आधीच्या पंधरवड्यात व्हावयास हवी. तो पितृपक्ष असतो, आणि त्या काळात खरेदी करू नये असा आपला रिवाज आहे. परंतु पाहणे म्हणजे घेणे नव्हे. उलट त्या दिवसांत बाजार थंडावलेला असतो, विक्रेत्यास बोलावयास वेळ असतो, आणि नापसंत गाडीस नकार देताना जीभ अडखळत नाही. दसऱ्यापर्यंत मनाजोगती मोटार मिळालीच नाही तर विसेक दिवसांवर बलिप्रतिपदा आहेच. तो अर्धा मुहूर्त गणला जातो, पण खात्रीच्या गाडीला तेवढा पुरेसा आहे.

खर्चाचा विचार करताना गाडीची किंमत म्हणजेच एकूण खर्च असे धरू नये. टायर, बॅटरी, पट्टे, ब्रेकचे पॅड, विमा आणि नावबदल यांसाठी हाती असलेल्या रकमेचा सहावा-सातवा भाग बाजूला ठेवावा, असे माझे मत आहे. जुन्या मोटारीच्या कर्जाचे व्याज सामान्यतः नव्या मोटारीच्या कर्जाहून चढे असते, हेही गणितात धरावे. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून, म्हणजे त्या वर्षीच्या घटस्थापनेपासून, लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नव्या लहान गाडीची किंमत उतरल्यावर दोन-तीन वर्षे वापरलेल्या गाडीचा भाव जुन्याच चढ्या पातळीवर सांगितला जात असेल, तर तो मान्य करण्याचे कारण नाही.

शाळा, मंडई, देऊळ आणि कचेरी एवढ्याच फेऱ्या असतील तर पेट्रोलची लहान गाडी उत्तम. नव्या धाटणीच्या डिझेल मोटारींतील धुराची गाळणी अशा तुटक फेऱ्यांत तुंबते. घरात गुडघे दुखणारी माणसे असतील तर वॅगन-आरसारखी उंच बैठकीची गाडी अल्टोपेक्षा सोयीची. वाकून आत शिरावे लागत नाही. भाव संशयास्पद वाटावा इतका कमी असेल तर कारण शोधावे. शेव्हरोलेने २०१७ मध्ये येथील विक्री थांबविली आणि फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. त्यांच्या मोटारी वाईट नव्हेत, परंतु आपल्या गावात त्यांचे सुटे भाग मिळतात काय, हे आधी विचारावे. आणखी एक कसोटी जिवाच्या दृष्टीने मोलाची आहे. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत चालकापुढील एअरबॅग सक्तीची झाली, आणि २०२२ पासून शेजारच्या आसनापुढेही. शोभेच्या चाकांपेक्षा आणि गाण्याच्या यंत्रापेक्षा गाडी कोणत्या वर्षी तयार झाली, हे अधिक पाहावे.

दसरा येतो तो पावसाळ्याच्या पाठीवर. २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चे सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ चे चिपळूण आणि महाड आठवावे. पुरात बुडालेल्या मोटारी वाळवून, चकचकीत करून दूरच्या गावी विकल्या जातात. अर्जुनाच्या त्या रथाचीच कथा पुढे अशी आहे की, द्रोण आणि कर्ण यांच्या अस्त्रांनी तो आतून कधीच दग्ध झाला होता. श्रीकृष्ण बसलेले होते तोवर तो उभा राहिला आणि ते उतरताच भस्म झाला. आपल्या गाडीवर सारथी श्रीकृष्ण नसल्याने आतले जळणे आधीच ओळखावे लागते. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. वरचा भाग कोणीही धुतो, पण टोकाशी गाळाची रेघ राहून जाते. डिकीतील जादा चाकाखाली आणि पायघडीच्या खाली हात घालावा, आसने सरकतात त्या पट्ट्यांवर गंज आहे काय पाहावे. गाडीत सुगंधाचा अतिरेक असेल तर काचा बंद करून थोडा वेळ बसावे. ओल नाकाला सांगून जाते.

इंजिन सकाळी थंड असताना सुरू करून पाहावे. त्याआधी बॉनेटवर तळहात ठेवावा; तो कोमट लागला तर गाडी आपल्यासाठी आधीच तापवून ठेवली आहे असे समजावे. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे, आणि तेलाच्या झाकणाखाली साय धरल्यासारखा पांढरट थर असेल तर तेलात पाणी शिरल्याचा संशय घ्यावा. मीटर थोडे किलोमीटर दाखविते, परंतु पायाखालची रबरे झिजून गुळगुळीत झाली आहेत, अशा गाडीचे मीटर खोटे बोलत असावे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. दारांच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत काय, हेही निरखावे. अपघाताची डागडुजी तेथेच उघडी पडते. हे सारे स्वतः पाहिले तरी शेवटी विक्रेत्याच्या ओळखीचा नव्हे, आपल्या विश्वासाचा मिस्त्री सोबत न्यावा आणि त्याची मजुरी आनंदाने द्यावी.

आता कागदांविषयी, कारण पुष्कळ घरे येथे फसतात. नोंदणीपुस्तकातील चासी क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा. पुस्तकात बँकेच्या कर्जाची नोंद असेल तर बँकेचे ना-देय पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्यावाचून पैसे देऊ नयेत. दंडाची थकीत चलने 'परिवहन'च्या संकेतस्थळावर दिसतात. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते; पुढे तपासणी करून पाच पाच वर्षांनी ती वाढवावी लागते आणि हरित कर भरावा लागतो. तेव्हा बारा वर्षांची गाडी घेणाऱ्याने उरलेली तीनच वर्षे मोजावीत. गाडी परराज्यातील असेल, तर तेथील ना-हरकत पत्र आणि येथला कर यांचा हिशेब आधी करावा. गॅसची टाकी मागाहून बसविलेली असेल तर तिची नोंद पुस्तकात हवी, आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी झालेली हवी.

फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्या म्हणजे काम संपले असे नव्हे. खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयात नावबदलासाठी अर्ज करावयाचा असतो, तर विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे. हा दुसरा अर्ज राहून जातो, आणि पहिल्याच धडकेत स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा अडतो. विकणाऱ्यानेही निश्चिंत राहू नये. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे त्याच्यावर येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. दसऱ्यास कचेऱ्या बंद असतात, तेव्हा सह्या, छायाप्रती आणि पैशाची पावती हे सारे नवमीच्या आत उरकून घ्यावे.

मग दशमीस गाडी धुवावी, झेंडूचे तोरण बांधावे, स्वस्तिक काढावे, नारळ वाढवावा. माळ क्रमांकाच्या पाटीवर येऊ देऊ नये आणि हळदकुंकू पुढच्या काचेवर न लावता बॉनेटवर लावावे. चाकांखाली लिंबे ठेवणार असाल तर पहिली गती सावकाश द्यावी. अंगणात त्या वेळी आपट्याची पाने वाटणारी मुले धावत असतात.