चावले त्या दिवशीच दवाखाना गाठा



दर खेपेस आम्ही या पानावर लागण, बेणे आणि खोडवा यांविषयी लिहीत असतो. या वेळी ऊस थोडा बाजूला ठेवून कुत्र्याविषयी आणि बैलाविषयी लिहीत आहोत. गेल्या हंगामात आपल्या गाडीतळावर जे घडले ते बऱ्याच जणांनी अर्धवट ऐकले आहे व त्याला तिखटमीठही भरपूर लागले आहे. म्हणून जसे घडले तसे सांगतो.

जानेवारीतली गोष्ट. स्लिपबॉयने सकाळी निरोप आणला की, बीडकडच्या एका गाडीवानाचा बैल कालपासून खात नाही आणि तोंडाची लाळ थांबत नाही. आम्ही तळावर गेलो. बैल मान ताणून घोगऱ्या आवाजात हंबरत होता. पाण्याची बादली पुढे धरली तरी घोट खाली उतरत नव्हता. वाढ्यातले एखादे कांडे घशात अडकले असावे असे मालकाला वाटले आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही तेच वाटले. त्याने सकाळपासून दोनदा बैलाच्या तोंडात हात घालून पाहिला होता. आमच्यादेखत तिसऱ्यांदा घातला. आम्ही लाळेने भिजलेला कासरा धरून उभे होतो आणि वर "आणखी जरा आत बघा" असे सांगत होतो. ते शब्द आम्हांला अजून टोचतात.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टरसाहेब आले. बैलाच्या तोंडाला त्यांनी हातही लावला नाही. लांबूनच दोन मिनिटे पाहिले आणि विचारले, "याला कुत्रं चावलं होतं का?"

"न्हाई साहेब, तसं काय न्हाई," गाडीवान म्हणाला.

त्याची बायको कोपीच्या दारातून बोलली, "अवो, आपलंच तांबडं कुत्रं नव्हतं का डसलं त्याच्या नाकाडाला? हितं आलो त्याच आठवड्यात."

कुत्रे त्यांचेच, गावाकडून गाडीमागे चालत आलेले. बैलाला चावल्यावर दोन दिवसांत ते कुठे निघून गेले ते परत आलेच नाही. जखमेत हळद आणि चुना भरला, ती सुकली, आणि सारे विसरून गेले. मध्ये दीड-दोन महिने गेले होते. या रोगाचे असेच असते. जखम भरून येते, जनावर कामाला लागते, पण रोगाचे विषाणू नसांतून हळूहळू मेंदूकडे सरकत असतात. बैल पिसाळला की तो मारकाच होतो असेही नाही. कित्येकदा घशाचे स्नायू लुळे पडतात, गिळता येत नाही, म्हणून लाळ गळते. पाहणाऱ्याला वाटते घशात काही अडकले, आणि तो हात घालतो.

डॉक्टरांनी सगळ्यांना नळावर नेऊन साबणाने पंधरा मिनिटे हात धुवायला लावले. मग कोणी कोणी बैलाला औषध पाजले, तोंड पुसले, कासरा धरला याची यादी केली. सात जण निघाले. सातवे आम्ही. ऊसतोड करणाऱ्याचे हात कसे असतात हे सभासदांना सांगायला नको. पाचटाने जागोजागी कापलेले, आणि अशा ओल्या जखमेवर लाळ लागली तर ते चावल्यासारखेच धरावे लागते. बैल वेगळा बांधला. चौथ्या दिवशी तो गेला. प्रयोगशाळेचा अहवाल रेबीजचाच आला.

खरी अडचण पुढे होती. इंजेक्शन घ्यायला कोणी तयार होईना. एक दिवस बुडाला म्हणजे एका दिवसाची तोड बुडाली. शिवाय सगळ्यांच्या डोक्यात पोटातली चौदा इंजेक्शने! ती मेंढीच्या मेंदूपासून बनविलेली जुनी लस २००५ च्या सुमारास आपल्या देशातून बंदच झाली. आता दंडावर घेतात. ग्रामीण रुग्णालयात पहिल्या दिवशी आणि त्यानंतर ३, ७ व २८ व्या दिवशी अशी लस दिली. ज्यांच्या हाताला ओल्या जखमा होत्या त्यांना जखमेभोवती सीरमही टोचले. हे सर्व सरकारी रुग्णालयात मोफत झाले.

तोडणी कार्यक्रमाच्या डायरीतच आम्ही सात नावे आणि तारखा मांडल्या. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी शेतकी विभागाच्या जीपने सर्वांना नेले. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत दोन कोयते दुसऱ्या गटात गेले होते आणि एक बाई भावाच्या लग्नाला गावी. तिच्याजवळ रुग्णालयाचे कार्ड होते. मुकादमाने फोनवर फोन करून तिला तिच्याच तालुक्याला शेवटची लस घ्यायला लावली. मुकादमाविषयी आम्ही एरवी फार चांगले बोलत नाही, पण हे त्याचे काम लिहून ठेवले पाहिजे. सातही जण सुखरूप आहेत.

बैलजोडी मात्र मोडली. राहिलेला हंगाम त्या नवरा-बायकोने ट्रकच्या टोळीत काढला आणि मिळकत जुन्या उचलीत वळती झाली. कुत्रे चावले त्याच दिवशी बैल दवाखान्यात आणला असता, तर जखम धुऊन त्यालाही लसीचा क्रम देता आला असता, असे डॉक्टर म्हणाले. हे ऐकून गाडीवान काही बोलला नाही. आम्हीही नाही. तळावर हे सांगायची जबाबदारी आमची होती.

म्हणून सांगतो. कुत्रे माणसाला चावो की जनावराला, आधी साबण आणि वाहते पाणी, पंधरा मिनिटे घड्याळ लावून. मिरची, चुना, तंबाखू, रॉकेल, भगत, काही नको. मग लगेच रुग्णालय. कुत्रे दहा दिवस जिवंत व धडधाकट राहिले तर चावले तेव्हा ते पिसाळलेले नव्हते असे समजतात, परंतु ते दहा दिवस वाट बघत बसू नये, लस सुरू करावी. एकदा पाण्याची भीती वगैरे लक्षणे दिसली की माणूस बहुधा हाती लागत नाही. गाय-म्हैस खात नसेल व लाळ गाळत असेल तर तोंडात हात न घालता डॉक्टरांना बोलवावे. तिचे दूध वापरू नये. आधी उकळून घेतलेल्या दुधाची मात्र भीती बाळगू नये.

घरच्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात पहिली लस, महिन्याने दुसरी, पुढे दरवर्षी एक. "आमचं कुत्रं वस्ती सोडत नाही" असे सभासद म्हणतात. पण बाहेरचे कुत्रे वस्तीवर येतेच की! शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते असा जाणकारांचा हिशेब आहे. गोव्यात वर्षानुवर्षे गावोगाव जाळी घेऊन हिंडून हे काम झाले, आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. तिकडे जे जमले ते आपल्या कार्यक्षेत्रात का जमू नये?

जाता जाता आमच्या खात्याचे एक. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचे आमिष बांधावर उघडे टाकू नका, बिळात घालून बीळ बुजवा. ते खाऊन राखणीची कुत्री मरतात आणि त्यावर नेमका उतारा नाही.

दवाखान्याकडील वर्तमान असे : येत्या २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनी, दवाखान्याच्या आवारात सकाळी ८ ते १२ कुत्र्यांना लस टोचण्यात येईल. कुत्रे दोरीने बांधून आणावे, तोंडाला मुसके असल्यास उत्तम. टोळ्या आल्यावर पहिल्या आठवड्यातच गाडीतळावर दुसरी फेरी होईल. त्याच वेळी बैलांचे लाळ-खुरकूत व लम्पीचे लसीकरण झाले आहे की नाही हे कानातील बिल्ल्यावरून पाहिले जाईल. या वर्षीपासून स्लिपबॉयच्या वहीत गाडी नंबरापुढे 'कुत्रे' असा एक रकाना आखला आहे. तळावर कोणाला वा कशाला कुत्रे चावले तर त्याच दिवशी तिथे नोंद करून आम्हांला कळवावे, रात्र असली तरी.