पेनाचा जन्मदाखला

मुलुंड पश्चिमेला एका घरात रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं असतं आणि त्यावर सात-आठ मोडकी शाईपेनं. सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ त्यातलं काळं पेन उचलतात, दांडीवर अंगठा जोरजोरात घासतात आणि अंगठा नाकाशी नेतात. गंधकाचा वास. "एबोनाइट," ते म्हणतात आणि पेन डावीकडे ठेवतात. दुसऱ्याला पुसट कापराचा वास येतो. ते सेल्युलॉइड, त्याला आचेपासून लांब ठेवायचं, भुरकन पेटतं. तिसऱ्याला वासच नाही. प्लास्टिक.

नाकावर भरवसा ठेवावा लागतो, कारण इथल्या बहुतेक पेनांना कागदपत्रं नाहीत.

अमेरिकन पेनांचं तसं नसतं. 1941 साली बाजारात आलेल्या पार्कर 51 च्या सुरुवातीच्या काही वर्षांतल्या पेनांवर भिंगाखाली एक बारीक आकडा दिसतो. तो वर्षाचा शेवटचा अंक. शेजारचे ठिपके तिमाही सांगतात. दर तिमाहीला एक ठिपका कमी. दशकाबद्दल शंका आली तर शाई भरायची यंत्रणा बघायची: मागे दाबायचा दट्ट्या असेल तर जुनं, पोटात दाबायची नळी असेल तर 1948 किंवा त्यानंतरचं. म्हणजे पेन स्वतःच आपला जन्मदाखला खिशात घेऊन फिरतं. जगभरच्या संग्राहकांची पुस्तकं, याद्या, भांडणं या आकड्यांवर उभी आहेत.

मुंबईच्या पेनांवर काय असतं? क्लिपवर 'विल्सन', निबेवर एखादी वेलबुट्टी, फार तर 'मेड इन इंडिया'. एअरमेल कंपनी 1951 मध्ये मुंबईत सुरू झाली आणि पुढे तिची 'वॅलिटी' पेनं देशभर गेली. पण हातातलं एअरमेल नेमकं कोणत्या साली वळलं गेलं, हे त्या पेनावरून कळत नाही. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले, 'फॉरेनचं पेन' दुर्मिळ झालं आणि देशी पेनं घराघरांत पोचली. इतकी, की ती कुणी जपली नाहीत.

म्हणूनच ती आता सापडतात. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीत जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या की कपाटांचे खण रिकामे होतात, आणि त्यांतलं सामान रद्दीवाल्याच्या तराजूवर येतं. शुक्रवारी सकाळी चोर बाजारात फेरी मारणारे संग्राहक अजून आहेत. पण या गृहस्थांची मदार कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्यावरच. पेन दिसलं की तो त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवतो. भाव मात्र दरवेळी वेगळा.

काळं एबोनाइट पेन आता उघडायचं. इथे घाई केली की दांडी तडकते. आटे सुकलेल्या शाईने घट्ट धरलेले असतात, म्हणून निबेचा भाग तेवढा थोडा वेळ साध्या पाण्यात. गरम पाणी अजिबात नाही; एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर, ते गरम पाण्याने आणि उन्हाने शेवाळी तपकिरी पडतं. काही मिनिटांत वाटीतल्या पाण्यात निळी रेघ उतरते. कुणी, केव्हा भरलेली शाई आहे कोण जाणे. पाणी लागताच निळी होते.

ही शाईही बहुधा जवळचीच. दिगंबर परशुराम दांडेकरांनी 1931 मध्ये शाईची पूड आणि गोळ्या 'हॉर्स ब्रँड' नावाने विकायला सुरुवात केली. मग घोडा गेला, उंट आला. 'कॅमल इंक' या दोन शब्दांवरून कॅमलिन. त्यांचा पत्ता कित्येक वर्षं अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगरचा. 2011 मध्ये जपानच्या कोकुयोने कंपनीत मोठा वाटा घेतला. कॅमलिनने पेनंही काढली, ती आज संग्राहकांच्या खोक्यांत असतात.

आटे सुटतात. आत ना रबरी पिशवी, ना दट्ट्या. दांडीच शाईची टाकी आणि ड्रॉपरने भरायची. पिशवीवाल्या पेनात सुकून काचेसारखे झालेले रबराचे तुकडे खरवडावे लागतात आणि नवी पिशवी लाखेने चिकटवावी लागते. या साध्या पेनाला तसली दुखणी नाहीत. दुखणं एकच, शाई अर्ध्यावर आली की ढेकर. हाताच्या उबेने आतली हवा फुगते, शाईला पुढे ढकलते आणि वहीवर डाग. शाळेत शाईचे हात घेऊन घरी आलेल्यांना कारण ठाऊक नव्हतं, परिणाम ठाऊक होता. उपाय सोपा: टाकी भरलेली ठेवायची. आट्यांतून होणाऱ्या गळतीला चिमूटभर सिलिकॉन ग्रीस.

निब आणि तिच्याखालची जीभ ओढून काढली की मऊ दाताच्या ब्रशने खाचा साफ करायच्या. मग भिंगातून निबेचे दोन दात बघायचे. एक किंचित वर चढलेला आहे. गृहस्थ तो नखाने दाबतात, बघतात, पुन्हा दाबतात. या एका दातावर वीस मिनिटं जातात. मधे चहा गार होतो, कुणी दुसरा आणून देत नाही.

दांडी मऊ फडक्याने पुसताना काहीतरी खडबडीत लागतं. कोरलेली अक्षरं. पेन भेट देताना त्यावर नाव कोरून घ्यायची पद्धत होती, आणि बाजारात अशा पेनाची किंमत पडते. काहीजण पॉलिश करून नाव घालवतातही. हे गृहस्थ घालवत नाहीत. दिव्याखाली पेन तिरकं धरून ते वाचतात: नाव झिजलंय, आडनावाची दोनच अक्षरं उरलीत, पण खाली आकडा स्पष्ट आहे. 1962.

ते वही ओढतात, आत्ताच शाई भरलेल्या त्याच पेनाने नोंद करतात: काळं, एबोनाइट, ड्रॉपरचं, 1962 च्या नंतरचं नाही. पुढे मोठा डाग पडलाय.