सागवान आहे, म्हणून कुजणार नाही?

घोडबंदर रोडचा टेरेस फ्लॅट असो की डोंबिवलीतला जुना बंगला, गच्चीवर लाकडी डेक करायचं ठरलं की कोणीतरी हमखास सांगतं, "सागवान घाला, त्याला काही होत नाही." मग दोन-तीन पावसाळ्यांत फळ्यांच्या कडा भुसभुशीत होतात आणि सुताराच्या नावाने खडे फोडले जातात.

काही होत नाही ते सागाच्या गाभ्याला! वाळवी-बुरशीला रोखणारी तेलं आणि टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं गाभ्यात साठतात. सालीलगतचं पांढरट लाकूड सागाचंच, पण ते कुजतं, त्याला भुंगाही लागतो. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने लाकडाचे नमुने जमिनीत पुरून वर्षानुवर्षं चाचण्या केल्या. सागाला त्यात पहिला वर्ग मिळाला, म्हणजे सरासरी १२० महिने किंवा जास्त टिकाव. हा वर्ग गाभ्याच्या लाकडाचा आहे, अख्ख्या झाडाचा नव्हे.

"मग सागाची जहाजं कशी टिकली?" हा ठरलेला प्रश्न. मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे, हे खरंच. पण ते मलबारच्या जंगलातलं साग होतं. आज लागवडीतलं कोवळं झाड कापलं जातं आणि त्यात पांढऱ्या लाकडाचा वाटा मोठा असतो.

म्हणून वखारीत फळीचा चेहरा बघून भुलू नका, टोक बघा. मध्ये सोनेरी-तपकिरी आणि कडेला फिकट पिवळा पट्टा दिसला, तर तो पट्टा काढून मापं घ्यायला सांगा. टोकाला रंग फासलेला असेल, तर बोटभर कापून दाखवायला लावा. कापत नसतील, तर दुसरी वखार गाठा.

बाकीचे समज थोडक्यात. मरीन प्लाय (आयएस ७१०) उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकतो, पण उन्हापावसात उघडा टाकायची ती फळी नव्हे. डब्ल्यूपीसीमध्येही (लाकूड-प्लास्टिकचं मिश्रण) लाकडाचा भुसा असतो, आणि उन्हात ते लांबीला वाढतं. फटी ठेवाव्याच लागतात. साग राखाडी झालं म्हणजे कुजलं असं नाही, तो उन्हाने बदललेला वरचा रंग. साधे लोखंडी स्क्रू गंजतात, भोवती काळे डाग पडतात; स्टेनलेसचे ३०४ घ्या, खाडीलगत घर असेल तर ३१६.

आणि डेकने गळती थांबते, हे तर साफ खोटं. आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून पाणी भरून तपासा. खालच्या आधारपट्ट्या उताराच्या दिशेनेच टाका, स्लॅबला भोकं पाडू नका, आणि पाणी जायच्या जाळीवरची फळी उचलता येईल अशी सुटी ठेवा.