खोली ठरवण्याआधी एकदा रात्री पाहून या!

लेकीची परीक्षा अमरावतीला होती. दोन रात्रींचाच प्रश्न, गावात नात्याचे कुणी नाही; म्हणून फोनवरच एक स्वस्तातली खोली ठरवली. "स्टेशनापासून पाच मिनिटं, फॅमिलीसाठी खास," असे पलीकडचे गृहस्थ म्हणाले. ते खोटे बोलले नाहीत हो! स्टेशन पाच मिनिटांवरच होते. पण खोलीखाली परमिट रूम आणि समोर मंगल कार्यालय, हे काही त्यांनी सांगितले नाही. रात्री दीडपर्यंत आरडाओरडा आणि बँड ऐकत लेक कुशी बदलत राहिली, आणि सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी पेपरला गेली. निकालाचे विचारू नका.

तुम्ही म्हणाल, परगावी आधी जाऊन खोली पाहणार कोण? अहो, कुणाचा तरी दीर, भाचा, नवऱ्याच्या ऑफिसातले कुणी गावात असतेच. त्याला धाडा, पण दिवेलागणीनंतर. परमिट रूम दुपारी अगदी सोज्वळ दिसते! नऊ वाजता त्या गल्लीत बायका ये-जा करतात का, औषधांचे दुकान उघडे आहे का, जेवायला खानावळ जवळ आहे का, एवढे त्याने पाहिले तरी पुष्कळ. कुणीच नसेल, तर एकाच रात्रीचे पैसे ठरवा आणि सामान वर नेण्याआधी खोली पाहा.

अमरावतीला जाताना आणखी एक. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या बडनेऱ्यावरून जातात. शहर तिथून दहाएक किलोमीटर. तेव्हा "स्टेशनजवळ" म्हणजे कोणत्या स्टेशनाजवळ, हे आधी विचारा. रात्री अकराला ऑटोवाला जे मागेल ते खोलीच्या भाड्यातच धरावे लागते. नवरात्रात अंबादेवी-एकवीरेच्या दर्शनाला गर्दी लोटते, त्या दिवसांत खोली आयत्या वेळी मिळेल या भरवशावर निघू नका.

अकोल्याकडे मात्र चौकशी पाण्यापासून सुरू करावी. पूर्णेच्या दोन्ही बाजूंनी अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तिथे जमिनीतले पाणी खारे. लॉजवर बोअरचे पाणी असेल तर बेसिनवर हात धुऊन पाहा. साबणाला फेस येत नसेल तर न्हाण्याचा बेत रद्द, आणि पिण्याचे पाणी कुठून येते ते स्पष्ट विचारा.

उन्हाळ्यात पारा ४५च्या वर जातो, तेव्हा "कूलर आहे" एवढ्यावर भुलू नका. कूलरची हवा बाहेर जायला समोर खिडकी हवी. नाहीतर खोलीत दमट वाफ कोंडते आणि अंथरूण चिकट होते. टाकीत पाणी कोण भरणार, तेही विचारा. आमच्याकडे ते काम शेवटी माझ्याचकडे आले होते.

खोलीत शिरल्यावर दाराची कडी आतून नीट बसते का पाहा. शेजारच्या खोलीत उघडणारे दार असेल तर ती खोली नकोच. गादीचा कोपरा उचलून शिवणीवर काळे ठिपके दिसले, तर ढेकूण समजा. उशीचे अभ्रे आपण घरूनच न्यावेत. आणि हो, जिन्याचा कोपरा बघा. गावोगाव झाडू मारणाऱ्या, नाशिक-पंढरपूरला धर्मशाळा उभारणाऱ्या गाडगेबाबांची समाधी अमरावतीत आहे. निदान त्यांच्या गावात तरी कचरा पाहून नाक मुरडायचा आपल्याला हक्क आहे!

भाडे चोवीस तासांचे की दुपारी बारापर्यंतचे, हे पैसे देण्याआधी ठरवा. आधारची झेरॉक्स मागतील. शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधार चालते का विचारा, आणि प्रतीवर तारीख व "फक्त मुक्कामासाठी" असे लिहूनच द्या.

यंदा धाकटीला अकोल्याला न्यायचे आहे. भाच्याला खोली पाहायला धाडले, तर हा पठ्ठ्या भर दुपारी गेला. समोरच्या चहावाल्या बाईंनीच त्याला हटकले, "दिवसा काय पाहता भाऊ, राती येऊन पाहा नं!" रात्री त्याचा फोन आला: "मावशी, खोली झकास आहे, पाणीही गोड आहे. फक्त खाली डीजेवाल्याचं गोदाम आहे."

दुसरी पाहायला सांगितली आहे.